डिंभ्यातली बर्फगाडी

डिंभे,
पौषातला सोमवार.
(तारीख कॅलेंडर बघून घालणार होतो, पण त्याच खिळ्याला साधनाचं स्वेटर अडकवलेलं आहे, म्हणून तिकडे बघायचं टाळतो.)

मेहुणे श्री. ज्ञानेश्वरराव यांस, तुमचे दाजी बहिरू यांचा मनापासून रामराम.

मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमची तब्येत, थंडीनं सुजलेली पायाची बोटं आणि वर्कशॉपातली ती शेगडी, सगळं ठीक असावं. पत्र तिकडे लडाखला न पाठवता येडगावच्या घरी पाठवतोय, कारण तुमची रजा मंजूर झाल्याचं उडत उडत कानावर आलं. आलात की वाचालच. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही हसता, आणि एकदा हसायला लागलात की रेंज जाते.

तुमची बहीण आज नऊ दिवस माहेरी आहे हे तुम्हाला कळलं असेलच. भांडण झालेलं नाही. भांडायला दोन माणसं लागतात, आणि मी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळच्या एसटीच्या पायरीवर उभी राहून ती एवढंच म्हणाली, "ते धूड सोताच्या पायानं अंगनातनं हाललं, की मला सांगा. तवर मी येत न्हाय." कंडक्टरनं लगेच डबल बेल दिली. (त्याला काय घाई होती कोण जाणे, एरवी तीच गाडी डिंभ्यात अर्धा तास चहा पीत उभी असते.) तेव्हा हे पत्र तुम्ही बर्फातल्या गाड्या दुरुस्त करणारे जाणकार म्हणून, तुमचा सल्ला घेण्यासाठी आहे. दुसरं काही नाही.

धूड म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर. पुढं दोन घसरपट्ट्या, मागं रबराचा रुंद पट्टा, वर दोघांपुरती सीट. हायवेकडच्या एका रिसॉर्टात खोटा बर्फ पाडायचा हॉल होता, तो बंद पडला. तिथले पंप उतरवायचं काम मी केलं आणि मजुरी म्हणून ही मागून घेतली. लोक विचारतात, कशाला? तुम्हाला म्हणून सांगतो. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं धरणाच्या काठाला उभे होतो. धुकं एवढं की पाणी, पलीकडचे डोंगर, आपल्याच चपला, काही दिसेना. साधना म्हणाली, "अवं, बरफ असाच असतो का?" मी म्हणालो, दाखवीन. त्याला बारा वर्षं झाली. मधे भाताची लावणी, लोकांच्या मोटारी, आजारपणं, एकेक येत गेलं आणि काश्मीर काही डिंभ्याच्या जवळ सरकलं नाही. मग गेल्या दिवाळीत तुम्ही तसल्याच स्कूटरवर बसलेला फोटो पाठवलात. साधनानं तो बोटांनी मोठा करकरून पाहिला; तुमचं तोंड बाजूला सारून मागचा बर्फ पाहिला. मला ते दिसलं. बर्फ काही मला आणता येत नव्हता, पण बर्फाची गाडी येत होती, म्हणून ती आणली.

आता मुख्य अपराधाकडे येतो. धरणाचं पाणी उतरलं की काठाला गाळ उघडा पडतो, तिथं ही चालवायची असं मी ठरवलं. (गाळ काय, बर्फ काय, दोन्हींत पाय रुततो.) पण आधी अंगणात चिखल करून पाहिलं, तर पट्टा जागच्या जागी फिरायला लागला. भातखाचरात चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं घालतात, हे माझ्या डोक्यात पक्कं. मी पट्ट्याला भोकं पाडून बोल्ट बसवले, टोकं बाहेर, चांगले अडीच इंची. चिखलाला दात लांब हवेत हे आमच्या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. पण या गाडीचा रेडिएटर पुढं नसतोच, हे कुणी सांगत नाही. तो सीटखाली, पट्ट्याच्या बरोबर डोक्यावर असतो. ॲल्युमिनियमची एक लांब, पोकळ पट्टी. पट्ट्यानं उडवलेला बर्फ तिला लागावा आणि इंजिनाचं पाणी गार व्हावं, अशी ती सोय. म्हणजे माझे बोल्ट थेट तिलाच नांगरत होते. अकरा पावलं गाडी गेली. खर्रर्र आवाज येत होता, तो मला तिचा जन्मजात वाटला. मग सीटखालून हिरवं कूलंट ठिबकायला लागलं आणि बॉनेटमधून पांढरी वाफ निघाली. त्या वाफेकडे मी थोडा वेळ नुसता बघत राहिलो, कारण ती दिसत फार छान होती.

इथं थांबायला हवं होतं. पण गाडीला बर्फाची सवय, इथं बर्फ नाही, म्हणून ती तापते, असं माझ्या मनानं घेतलं. आणि घरात बर्फ होता. साधना आणि तिच्या गटातल्या चौघी पहिल्या एसटीनं घोडेगावला मासे नेतात, त्यांची बर्फपेटी आमच्या पडवीत असते. दुसऱ्या दिवशी पहाटे पेटी भरून त्या चहाला आत गेल्या. मी वरचा थर तसाच ठेवून खालचा सगळा बर्फ पाटीनं काढला आणि सीटखाली कोंबला. मासे तसेच घोडेगावला गेले आणि दुपारी तसेच परत आले. (वास एक वळण आधी पोचला.) चौघी पडवीत ओळीनं बसल्या. साधनाला त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली, ती माझ्यामुळं. हे मी गमतीनं लिहीत नाही.

ती गेल्यावर मी ती पट्टी आणि बोल्टांचा पट्टा खोलला आणि दोन्ही पोत्यात गुंडाळून जुन्नरला निजामभाईंकडे नेलं. हे रेडिएटरवाले, यांचे वडील भांड्यांना कल्हई करायचे. त्यांनी पट्टी उन्हात धरली, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पावनं, हे मांजरानं केलं का बिबट्यानं?" मी म्हणालो, मी केलं. मग त्यांनी समजावलं, की तांबं तापलं की लाल होतं, माणसाला सावध करतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही, गप बसतं आणि एकदम वितळून खाली येतं. "गप ऱ्हानाऱ्याला लई जपून शेकावं लागतं, राव." ते धातूबद्दल बोलत होते. मी मात्र येडगावच्या दिशेला बघत होतो.

सात ठिकाणी वेल्डिंग झालं. दोन्ही तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं हवा भरली आणि पट्टी हौदात बुडवली. एका जागेतून अजून बारीक बुडबुडे येत होते. निजामभाई आणि मी काठावर बसून ते बघत होतो. एक वर यायचा, फुटायचा, मग दुसरा. बाहेर एक गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं, पण आम्हा दोघांनाही उठवेना. चहा आला तेव्हा कुठं ते आठवं वेल्डिंग झालं. बोल्ट त्यांनी स्वतः कापून रबराबाहेर हरभऱ्याच्या दाण्याएवढे ठेवले. घरी येऊन पट्टा आणि पट्टी बसवली, कूलंट भरलं, आणि पाइपातली हवा निघून जावी म्हणून गाडीचं तोंड अंगणाच्या कडेच्या बांधावर चढवून दुपारभर तिच्याशेजारी बसून राहिलो. हवा कधी गेली ते मला कळलं नाही.

काल सकाळी धुकं होतं. गाडी अंगणातून स्वतःच्या पायानं निघाली. गटातल्या चौघी साक्षीला आहेत. (माझ्याशी बोलत नाहीत, पण साक्ष देतील.) काठाच्या पातळ गाळात उतरलो. पट्टा गाळाचं पाणी वर उडवत होता, ते पट्टीला लागत होतं आणि तापमानाचा काटा चढायचं नाव घेत नव्हता. बर्फाचं काम डिंभ्याच्या चिखलानं केलं, ज्ञानेश्वरराव! चाळीस पावलं गेलो. पुढं पांढरं, मागं पांढरं, आपण जमिनीवर आहोत की नाही तेही कळेना. इंजिन बंद केलं. कुठूनतरी वल्ह्याचा आवाज येत होता, होडी दिसत नव्हती. मला वाटलं, लडाख ते हेच. मागं वळून "बघ" म्हणालो, तर मागची सीट रिकामी. मला फार वाईट वाटलं. मग उन्हं आली आणि डोंगर होते तिथंच दिसायला लागले.

तर सल्ला एवढाच हवा, की पट्ट्याला बोल्ट नक्की किती लांब चालतात. सासूबाईंना दंडवत. बोटांना खोबरेल तेल लावत जा.

तुमचा,
बहिरू

ता. क. : तुमची रजा चैत्रातल्या यात्रेला आहे, हे मला ठाऊक आहे. सासूबाईंना वाचता येत नाही, आणि घरी आलेलं पत्र त्यांना मोठ्यानं कोण वाचून दाखवतं, तेही ठाऊक आहे.

दुसरा ता. क. : साधना, इथून पुढचं मनात वाच. बर्फपेटी घासून काठोकाठ भरली आहे. चौघींच्या दारात जाऊन माफी मागितली (एकीनं न बोलता चहा दिला). तू म्हणाली होतीस, हाललं की सांगा. हाललं. होडीवाले म्हणतात, धुकं अजून आठवडाभर राहील. रोज सकाळच्या एसटीला स्वेटर घेऊन उभा राहतो.

तिसरा ता. क. : एक सांगायचं राहिलं. चाळीस पावलं गेलेली गाडी परत आलेली नाही, काठालाच रुतून बसली आहे. अंगण मोकळं आहे. तिला ओढून काढायलाही दोन माणसं लागतात.