एक अधिक एक, मुक्काम पोस्ट पेण

श्री. दिनानाथराव यांस पेणहून आपल्या साडूचा नमस्कार.

(साडू हे नातं बायकांच्या जिवावर चालतं. एका बाजूची बायको गेल्यावर ते चालू राहतं की आपोआप बंद पडतं, हे मी इथल्या एका वकिलांना आणि एका भटजींना विचारलं. वकील हसले, भटजींनी पंचांग काढलं. निकाल लागेपर्यंत जुन्याच नात्यानं लिहितो. हरकत असल्यास कळवावी.) तुमचा गुडघा कसा आहे? गोदूताईंचं बीपी? मी ठीक आहे, म्हणजे तक्रार ऐकायला कुणी नसल्यानं तक्रार नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला स्पीकरवर टाकून जेवत राहता, आणि व्हॉट्सॲपवर काहीही लिहिलं तरी नुसता अंगठा धाडता. मी पडलो असं लिहिलं तेव्हाही अंगठाच आला होता.

सांगायचं ते असं, की यंत्र तयार आहे. सगुणाच्या वर्षश्राद्धाला तुम्ही एक पिशवीभर जुने रिले (विजेनं चालू-बंद होणारे खटके) आणि एक पुस्तक माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "बेरीज करणारं सर्किट बांधा, मन रमेल. झालं की आम्ही दोघं बघायला येऊ." यातलं शेवटचं वाक्य तुम्ही निरोपाचं म्हणून बोलला असाल. मी ते धरून बसलो आहे.

मी जन्मभर गणपतीच्या कारखान्यांच्या बेरजा केलेला माणूस. मला वाटलं, एका दुपारचं काम. पण तुमच्या या यंत्राला शून्य आणि एक यांपलीकडे आकडाच ठाऊक नाही. एक अधिक एक झाले की त्याचं घर भरतं, मग तिथं शून्य मांडायचं आणि शेजारी हातचा एक. म्हणजे आपलं नऊनंतर जे होतं, ते याचं एकावरच. त्यासाठी दोन गेटं लागतात. (गेट म्हणायचं, पण ना बिजागरी ना कडी. दोन तारा आत, एक बाहेर.) पहिलं गेट पांढऱ्या दिव्याचं. दोन बटणांपैकी कुठलंही एकच दाबलं तर दिवा लागतो, दोन्ही दाबली तर विझतो. पुस्तकात वाचून मला हे काही केल्या कळेना. मग सासुरवाडी आठवली. आपल्यापैकी एकटाच जावई नागोठण्याला गेला की कोंबडी कापली जायची, आणि दोघे एकदम गेलो की "घरचेच तर आहात" म्हणून सुकटीवर भागवायचे. हे आठवलं आणि दिवा लागला. दुसरं गेट लाल दिव्याचं, म्हणजे हातच्याचं. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच तो लागतो. एक नसलं की दुसऱ्यानं कितीही जोर लावावा, ढिम्म. हे सासूबाईंच्या पोपटीसारखं. थंडीत वालाच्या शेंगांचं मडकं त्या लावायच्या ते दोन्ही लेकी घरी असल्या तरच. एकटी आली तर "ती पण येऊ दे, मग लावू." हे गेट समजायला मला काहीच वेळ लागला नाही. जोडायला लागला.

बटणं म्हणून घराच्या दोन बेली घेतल्या, पुढच्या दाराची आणि मागच्या दाराची. तारा भिंतीत होत्याच, आणि बेलींना दुसरं काम उरलं नव्हतं. (मागची बेल सगुणाच्या मासळीवालीची. तिनं आता आमची आळी सोडली. "येकल्याला किती लागतंय?" म्हणाली.) जुन्या स्कूटरची बॅटरी लावली, दिवे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. शून्य अधिक शून्य लगेच जमलं. ते मी काही न करताच होत होतं, गेलं वर्षभर होतंच आहे. पुढच्या बेलीला केरसुणी टेकवून आत जाऊन पाहिलं, पांढरा दिवा. मागच्या बेलीला टेकवून पाहिलं, पांढरा दिवा. दोन्हीकडे टेकवायला गेलो आणि इथं घोडं अडलं. एकीकडची लावून दुसरीकडे पोचेपर्यंत पहिली आडवी. माजघरात तारांचं जाळं पसरलेलं, म्हणून घराला बाहेरून वळसा. असे मी बरेच वळसे घातले, हातात केरसुणी. आळीत बातमी पसरली की मला डॉक्टरांनी पळायला सांगितलंय. दुसऱ्या दिवशी शेजारचे मोरूशेठ बूट घालून हजर, त्यांचीही शुगर वाढलेली. "केरसुनी कशाला रं पन?" म्हणाले. मी म्हटलं, बॅलन्सला. परवापासून तेही घेऊन येतात. त्यांना जरा बटण दाबा म्हटलं, तर थांबायला तयार नाहीत. थांबलं की शुगर चढते म्हणे.

शेवटी पलीकडच्या हौसाला मागच्या दाराशी उभं केलं. आता आमच्या आळीत बेल वाजवणं हे परक्याचं लक्षण. आपलं माणूस फाटकातूनच "हाय का कोन घरात?" ओरडत थेट चुलीपर्यंत येतं. (यायचं.) हौसानं बटणाला बोट लावलं आणि विस्तवाला लागल्यासारखं काढलं.

"दाबून धर गो!" मी पुढून ओरडलो.

"बेल कुनी दाबून धरतं का भावजी? भांडाया आल्यासारखं!"

समजावलं. धरली एकदाची. मी पुढची धरली. आम्ही दोन दारांशी दोघं, बोटं बेलींवर, आणि मध्ये सगळं घर. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "भावजी, आपून दोगं भाईर. मंग आत दिवा बघतंय कोन?"

मी हार मानून बेलीवरचं बोट काढलं. (मी, दिनानाथराव! ज्याच्या तोंडाला भिऊन तुम्ही पंगतीत लांब बसायचात.) "बघाया मानूस नाय तं दाबायचं कशाला," म्हणाली, आणि भात करपेल म्हणून निघून गेली.

तेव्हा मांडणी अशी आहे. दोन दारांशी दोन माणसं हवीत आणि टेबलाशी एक. टेबलाशी मी बसतो. तुमची अट, यंत्र झालं की येऊ. यंत्राची अट, तुम्ही आलात की होऊ. दोघांपैकी यंत्र नमणार नाही, त्याला ती सोय नाही. वडखळचं ट्रॅफिक हे कारण या खेपेला चालायचं नाही. रोह्याची रेल्वेगाडी निडी, नागोठण्यावरून येते, तिला वडखळ लागतच नाही. रोह्याची माणसं दुबईला जाऊन येतात, पेणला यायचं म्हटलं की गुडघे दुखतात. (तुमचा खरंच दुखतो, हे मान्य.)

गोदूताईंना नमस्कार. लहानांना आशीर्वाद, आणि हातातला मोबाइल ठेवायला सांगणे.

आपला, निकाल लागेपर्यंत साडू,
जनार्दन

ता. क. मुक्कामाच्या तयारीनं या. गाद्या उन्हात घातल्या आहेत. (येणार नसलात तरी घातल्याच आहेत.)

आणखी ता. क. दोन्ही बटणं भिंतीवरून काढून टेबलावर एका फळीवर शेजारी शेजारी बसवली, तर एका माणसाच्या दोन बोटांत एक अधिक एक होतं, हे तुम्ही वाचता वाचताच गोदूताईंना म्हणाला असाल. बेलीत काडी खुपसली तरी भागतं, ते तर आळीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मलाही पहिल्याच दिवशी सुचलं होतं. फळी आहे, तार आहे, काडेपेटी देवापाशी आहे. पण कृपा करून हे मला फोनवर सांगू नका, आणि लिहूनही कळवू नका. पेणला या, समोर बसा आणि तोंडावर म्हणा, "एवढं साधं कसं सुचलं नाही हो तुम्हाला?" मी ऐकून घेईन.