थंडीचे टायर

बाबा, जीपला मी यंदा तुम्हाला अजिबात आवडले नसते असे टायर घातले आहेत. तुम्ही असतात तर त्यांच्यावर बूट आपटून म्हणाला असतात, "हे काय, बाबागाडीचे आणलेस?" तुम्हाला लागायचे खोल खाचांचे, ट्रॅक्टरला शोभतील असे. इंग्लंडातल्या डार्बीशरच्या या डोंगरात तुम्ही गावचे डॉक्टर, पेशंट दूरदूरच्या शेतांवर, आणि जीपचे टायर बदलायचे ते दसऱ्याला. बाकीचं गाव नोव्हेंबर उजाडला तरी हलत नसे. आपल्याकडे मात्र सकाळीच टायर चढायचे, आई त्यांना हळदकुंकू लावायची आणि चाकांखाली लिंबं ठेवायची. शेजारचा शेतकरी कुंपणावरून बघत राही, आणि तुम्ही त्याला गंभीर चेहऱ्याने सांगायचात, "फॉर ग्रिप." त्याने एकदा स्वतःच्या ट्रॅक्टरखालीही लिंबू ठेवलं होतं.

दसरा मी अजून चुकवत नाही. पण यंदा टायर निवडायला फार वेळ घेतला, कारण प्रश्न आईचा होता. तिच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा तिला डार्बीला डायलिसिसला न्यावं लागतं, त्यासाठीच मी रीडिंग शहरातली नोकरी सोडून इथे राहायला आले. रस्त्यावर मीठ टाकणारी लॉरी खालच्या मोठ्या रस्त्यानेच जाते. आपली गल्ली आणि चर्चजवळचा तो उतार देवाच्या भरवशावर. डायलिसिस चुकत गेलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तुमच्यासारखं नजरेवर न जाता मी वाचून, चार जणांना विचारून निवड केली. तुमचे ते खोल खाचांचे टायर चिखलात राजे, पण कडाक्याच्या थंडीत त्यांचं रबर कडक होतं आणि गोठलेल्या रस्त्यावर ते खुशाल घसरतात. बारमाही टायर सगळीकडे थोडे थोडे चालतात, आणि मला थोडं थोडं परवडणार नव्हतं. खास थंडीचे टायर दिसायला अगदी मवाळ. रबर मऊ, त्यावर असंख्य बारीक चिरा, आणि त्या चिराच बर्फाला धरतात. चारही चाकांना इंजिनाचा जोर असला की गाडी चढते हो, पण थांबायचं असतं ते टायरांच्याच जिवावर. म्हणून चारही एकसारखे घेतले, तेही जरा अरुंद, बर्फ कापून खालच्या रस्त्याला टेकणारे. तुम्ही पुढचे जुनेच ठेवायचात, आठवतं?

त्याच उतारावर तुम्ही मला गाडी शिकवलीत. गाडी घसरते आहे, मी ब्रेकवर जवळजवळ उभी आहे, आणि तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "पाय काढ आधी. ती ऐकत नाहीये ना, मग जबरदस्ती कसली करतेस?" जीप कुंपणाला टेकून थांबते. घरी पोचेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

यंदाचा पहिला बर्फ पडला तेव्हा आई शेजारच्या सीटवर होती, स्वेटरवर शाल, मांडीवर किडन्यांना बाधणारं पोटॅशियम जावं म्हणून दोनदा उकळून काढलेल्या बटाट्याच्या भाजीचा डबा. जीप उतार उतरली आणि वळणावर अशी अलगद थांबली की मला हसूच आलं. "बघितलंस आई, काय टायर आहेत," मी म्हटलं.

"हो गं. छानच आहेत." मग तिने मांडीवरचा डबा सरळ केला. "मला वाटलं होतं, बर्फ पडला की सुटका होईल थोडे दिवस. रस्ताच ब्लॉक म्हटल्यावर कोणाला नाही म्हणायला नको."

"असं काय बोलतेस?"

"थकले गं मी. तुझ्या तोंडाकडे बघून जाते झालं."

या वयात दुसरी किडनी मिळणार नाही, हे असंच चालेल आणि पुढे तेही चालेनासं होईल, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्टच सांगितलं आहे. आईलाही ते ठाऊक आहे. मला तिचा राग आला, मग तुमचा. औषधांबद्दल तुम्ही जेवतानासुद्धा बोलायचात, पण पेशंटच थकला तर घरच्यांनी काय करायचं हे कधी सांगितलं नाहीत. आता कोणाला विचारू?

आज सकाळी पुन्हा बर्फ होता. फार नव्हता. मी हॉस्पिटलला फोन करून रस्ता बंद असल्याचं सांगितलं. उद्या नक्की आणा, ते म्हणाले. आई स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती, गाऊनमध्येच, पाय हीटरला लावून. तिचा चेहरा कित्येक दिवसांनी सैल झालेला दिसला. तेवढ्यात पोस्टाची लाल व्हॅन, साध्या टायरांची, चढ चढून आली, जाहिरातींचे कागद टाकून परत गेली. आईने ती पाहिली, मीही पाहिली. "चहा कर गं अर्धा कप," एवढंच ती म्हणाली.

तुम्हाला लिहिलेले हे कागद मी तिच्या हाती लागण्याआधी शेकोटीत टाकणार आहे. उद्या तिला न्यायचं मी फोनवर कबूल केलंय. पण आत्ता बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे, बाबा, आणि ती थांबू नये असं मला वाटतंय.