छत्रीच्या फटक्याची मुदत

कसबा पेठ, पुणे
ऑगस्ट १९९८

ती. ज्ञानदेवदादांस,

दुर्गाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात वाकणं बंद झालंय, कागदावर अजून जमतं.) तुमची साखर आता किती असते आणि वहिनींना साताऱ्याच्या पावसात दमा त्रास देतोय का, ते सविस्तर कळवावं. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. बिघडलंय ते फक्त आमच्या हिंमतरावांचं डोकं. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागत नाही, कारण लागतं. ते यांनी भरपूर दिलंय.)

आमच्या समोरचे श्रीनिवासराव तुम्हाला आठवत असतील, तसबिरींना फ्रेमा करणारे. यांचे शाळेपासूनचे दोस्त. बऱ्याच वर्षांपूर्वी गणेश मंडळाच्या सभेत मांडवाचं तोंड कुठल्या दिशेला असावं यावरून दोघांची जुंपली, आणि श्रीनिवासरावांनी चारचौघांत यांना 'बिनडोक' म्हणून खांद्यावर छत्री हाणली. यांना फार लागलं नाही, छत्रीची काडी मात्र वाकली. हे तेव्हाच पोलीस चौकीत निघाले होते. पण सगळ्या आळीत फोन एकच, तोही श्रीनिवासरावांच्या दुकानात. रुपालीच्या कॉलेजचा निरोप, वन्संचं बाळंतपण, तुमची ख्यालीखुशाली, सगळं तिथेच यायचं. त्यामुळे यांनी राग गिळला, आणि हाक आली की त्याच माणसाच्या दुकानात जाऊन रिसीव्हर कानाला लावून अदबीनं उभे राहायला लागले. घरोघरी फोन येईपर्यंत पुण्यात शेजारधर्म फार चांगला टिकून होता.

आता रुपाली कॉम्प्युटर कंपनीत आहे. (दोन हजार साल उजाडलं की अमेरिकेतली मशिनं एकोणीसशे सालात जाऊन बसणार म्हणे, तर आमची लेक पुण्यात बसून त्यांच्या तारखा दुरुस्त करते. स्वतःची उठायची वेळ अजून दुरुस्त झालेली नाही.) तिच्यामुळे गेल्या महिन्यात घरात फोन आला. फोनवाला तार जोडून जिना उतरला नसेल, तोच हे म्हणाले, "आता बघतो त्या श्रीन्याला."

लगेच हमीदभाई वकिलांकडे गेलो. (त्यांच्या कितीतरी पिढ्या याच पेठेत गेल्या. मराठी आपल्यापेक्षा शुद्ध आणि बोलणं आपल्याइतकंच तुसडं.) त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिंमतराव, इतकी वर्षं कुठे होतात?" मग समजावलं, की औषधाच्या बाटलीसारखी गुन्ह्यालाही मुदत असते. नुसत्या दंडावर भागणारा गुन्हा सहा महिन्यांत शिळा होतो. वर्षापर्यंतच्या कैदेचा एका वर्षात, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा तीन वर्षांत. त्याहून मोठ्या गुन्ह्यांना मुदतच नाही, खून कायमचा ताजा. साधी मारहाण एक वर्ष टिकते, बदनामी तीन. थोडक्यात, छत्रीही गेली आणि 'बिनडोक'ही गेलं.

"म्हणजे त्यानं मला नीट मारलं असतं, तर आज उपयोग झाला असता?" यांनी विचारलं.

"हो. जरा मन लावून मारायला हवं होतं," हमीदभाई म्हणाले. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला असतो, पण कारण पटण्याजोगं लागतं, असंही त्यांनी सांगितलं. "तुमचं कारण काय?"

"त्याचा फोन वापरत होतो."

हमीदभाईंनी पेनाला टोपण लावलं.

मग यांना आमचा तांब्याचा बंब आठवला. श्रीनिवासरावांकडे लग्नघरात गेला तो परत आलाच नाही. मागून नेलेली वस्तू दाबून ठेवली तर त्याची मुदत तीन वर्षं, म्हणजे तीही सरली. पण घरात शिरून चोरली असेल तर मुदत नाही. हे ऐकून यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते आमच्या लग्नातही नव्हतं. "घरात शिरूनच नेला," हे म्हणाले. हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बंब मी दिला. चिंच लावून, घासून दिला."

"मग ही फिर्याद खोटी ठरेल," हमीदभाई म्हणाले, "आणि तो गुन्हा अगदी आजचा असेल."

हे तिथून तडक समोरच्या दुकानात, मी मागोमाग. श्रीनिवासराव काच पुसत होते. यांनी छत्रीपासून बंबापर्यंत सगळं घडाघडा सुनावलं, आणि शेवटी म्हणाले, "श्रीन्या, सगळ्यांसमोर मारलंस. चुकलो एवढं तरी म्हणायचं होतंस." दादा, मला हसू येत होतं ते तिथेच थांबलं. श्रीनिवासरावांनी हातातली काच भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "तू फोनला रोज येत होतास. मला वाटलं, विसरलास." आणि त्यांनी खांदा पुढे केला. "घे, मार. फिट्टंफाट."

शहाणा माणूस एवढ्यावर गळ्यात पडला असता. यांनी फ्रेमची पट्टी उचलली आणि खरोखर हाणली. पट्टीचे दोन तुकडे झाले. श्रीनिवासराव खांदा चोळत शांतपणे म्हणाले, "हिंमत्या, तुझी मुदत संपली होती. माझी आज सुरू झाली." (आमच्या पेठेत कायदा सगळ्यांना पाठ असतो, पाळायचा तेवढा राहतो.) तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडताना ते वर बघून सांगतात, "विचार चालू आहे माझा." यांचा चहा तिथेच कपात राहतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
दुर्गा

ता. क. हे वर्षभर तुमच्याकडे येऊन राहायचं म्हणतात. तुम्हाला हवापालट म्हणून सांगतील, पण बेत मुदत उलटवायचा आहे. कृपा करून नाही म्हणू नये.

ता. क. दुसरा. हमीदभाई म्हणतात, फरारी राहिलेला काळ मुदतीत धरत नाहीत. हे मी यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. मला जरा विश्रांती हवी आहे.

ता. क. तिसरा. गाद्या दोन घालाव्यात. श्रीनिवासरावही येतायत, आरोपीवर नजर ठेवायला कोणीतरी हवं म्हणतात. स्वारगेटला जाऊन एसटीची तिकिटं त्यांनीच काढून आणली, आणि खिडकीशी कोणी बसायचं यावरून आत्ता खाली सुरू झालंय.