पाणी चढण्याआधी चिऊला आजोळी धाडायचं

आषाढ, गुरुवार संध्याकाळ

हिचे गुडघे? आज बरे म्हणते. मुलाचा खोकला? उतरला. सुनेचं डोकं? थांबलं. नात चिऊ तर टुणटुणीत. मग मलेच काहून करमत नाही?

दुपारी नर्सबाई आल्या. "आजोबा, चिऊची गोवराची लस नऊ महिने भरल्यावर. म्हणजे श्रावणात. तेव्हा नाल्याले पूर, तुमचं गाव बेट. मी येऊ कशी?"

सून म्हणाली, "मी आताच घाटंजीले माहेरी जातो, बाबा. लस देऊन, पाणी उतरलं की येतो."

म्हणजे पोळ्यानंतर. चिऊचा पहिला तान्हा पोळा, लेकरांनी लाकडी नंदी फिरवायचा सण, हुकणार. मी सागाचा नंदी कोरून ठेवला. म्हटलं, "दिवाळीत देऊ लस."

ही कडाडली, "गोवर काय तुमच्या नंदीसाठी थांबणार हाये?"

खरं आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या लेकराला गोवर निघाला, नाला ओलांडता येईना. लेकरू वाचलं, पण त्या रात्रीचा त्याच्या आईचा चेहरा... नको. नंदी पुढच्या साली फिरवू.

उद्याच दोघींना एसटीत बसवतो. सूनबाई, लस टोचली की त्याच दिवशी मोबाइलवर दोन ओळी लिही. पावसात घरी रेंज नसते. मी टेकडीवर चढून वाचीन. उशीर नको करू, माय.