केळीच्या काट्यावरचं वजन

नागपूर, ता. ८ जानेवारी १९८९

नाना, तुमच्या पायांशी अभिमनचा नमस्कार.

मी सुखरूप आहे. मायचा गुडघा कसा आहे? कुस्ती मात्र झालीच नाही.

सत्तावन्न किलोच्या गटात माझं वजन दोन किलो जास्त भरलं आणि नाव खोडलं. सहा महिने गिरणेच्या वाळूत धावलो, हजार-हजार बैठका मारल्या. ते कमावलेलं अंग आता बाकड्यावर बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या बघतंय.

निघताना भडगावच्या व्यापाऱ्याकडे केळीच्या काट्यावर तुम्हीच मला चढवलंत. "सत्तावन, बराबर शे," म्हणालात. तो काटा मारतो, वजन कमी दाखवतो, म्हणून वर्षभर शिव्या कोण घालतं? मग मीच तेवढा बरोबर कसा भरलो?

मायला मी हरलो असंच सांगा. निदान लढलो, असं तरी वाटेल तिला.

तुमचा,
अभिमन