अमिराच्या अंगरख्यावरची धूळ

प्रिय लबीब,

अक्षर ओळखलंस ना? आता ओळी उतारावरच्या शेळ्यांसारख्या खाली घसरतात, पण उस्ताद खुजैमांनी छडी मारून घोटून घेतलेली वळणं अजून तशीच आहेत. आमचे अमीर गेले, हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्या दिवशी तुमच्या रुम्मानच्या खोऱ्यात लोकांनी काय केलं, हे मी विचारणार नाही.

म्हातारपणी मला झोपेपेक्षा गुंगीच जास्त येते, आणि गुंगीत नेहमी उस्तादांचीच शाळा दिसते. डाळिंबांच्या बागेला लागून असलेली ती पडवी, चटईवर सांडलेली फुलं, आणि आपण सगळे डोलत डोलत जुन्या वाळवंटी कवींच्या ओळी घोकतोय. त्या कवींची सगळ्यांची एकच रीत. प्रियेचा तांडा निघून गेलेला, विझलेल्या चुलीचे दगड तेवढे मागे राहिलेले, आणि कवी उंट थांबवून रडत बसलेला. आपण तोवर ना वाळवंट पाहिलं होतं, ना प्रिया. तरी तू म्हणायला लागलास की असा गहिवरायचास की उस्ताद म्हणायचे, “लबीब, बाळा, बाई गेलीय, तुझा उंट नाही गेला. जरा बेतानं.” तू पुढे बागायतदार झालास, तेच बरं झालं. मला मात्र त्या ओळींनी जन्माचं नादी लावलं. अमिरांच्या वाड्यावर मला नोकरी लागली तीही त्यांच्याच पुण्याईवर. पोशाख चढवताना कुणीतरी कविता म्हणावी, अशी अमिरांना हौस होती. म्हणून मी त्यांच्या पोशाखांचा जामदार झालो, आणि तुझ्या लग्नानंतरच्या वसंतात खोरं सोडून गेलो.

माझं काम काय होतं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. रूमच्या ख्रिस्ती बादशहाशी लढून अमीर परतले की वाड्याच्या चौकात मी पांढरी चादर अंथरायचो. ते घोड्यावरून उतरून थेट तिच्यावर येऊन उभे राहायचे. तोवर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत, पोरंही जवळ यायची नाहीत. मग मी त्यांचा अंगरखा हलक्या हातानं झटकायचो आणि खाली पडलेली धूळ पिसानं गोळा करून पिशवीत भरायचो. धर्मासाठी लढताना अंगावर उडालेल्या त्या धुळीची एक वीट करायची आणि कबरेत ती गालाखाली ठेवायची, अशी त्यांची इच्छा. एकदा वाऱ्याची झुळूक आली तर चिमूटभर उडून गेली. तेव्हा हसून म्हणाले, “हळू रे नुमैर, माझी जन्नत सांडतेय.”

लबीब, ते ढोंग नव्हतं. तुला राग येईल, पण मी जवळून पाहिलंय. मोहिमेवर ते शिपायांच्या कांबळ्यात झोपायचे, उपाशी सैन्यापुढे स्वतःच्या खजुरांची थैली रिकामी करायचे. कुराण ऐकताना त्यांची दाढी भिजायची, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. चुनखडीच्या डोंगरांतून येणारी ती सरहद्दीची धूळ पिठासारखी पांढरी असायची. ती हातात घेतली की मलाही वाटायचं, आपण काहीतरी पवित्र धरलंय.

मग ते वर्ष आलं. तुमचे शेख म्हणजे अमिरांचे चुलतभाऊच. शुक्रवारच्या नमाजाच्या खुत्ब्यात, म्हणजे प्रवचनात, अमिरांचं नाव घ्यायला त्यांनी नकार दिला. नाव घेतलं की हुकमत मान्य केली, हे लहान पोरालाही कळतं. अमीर दरबारात म्हणाले, “रूमवर चालून जायचं तर पाठ राखलेली हवी. माझं नाव जो टाळतो तो रूमच्याच बाजूचा.” काझींनीही तसाच निवाडा दिला. मी अंगरख्याच्या गाठी बांधत होतो, कविता म्हणायची आज्ञा झाली नाही.

पुढचं मला एका भालेकऱ्यानं सांगितलं. तो हसत हसत सांगत होता, कारण ज्याच्याबद्दल सांगतोय तो माझा कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. तुमच्या वेशीच्या बुरुजावर एक उंच पोरगा उभा होता म्हणे. बाणांच्या माऱ्यातही त्यानं तोंडाशी हात धरून ओरडून विचारलं, “अमीरसाहेब, रूम तर तिकडे राहिलं, आपला घोडा वाट चुकला का?” अख्खी फौज खिदळली. अमीरही आधी हसले, मग त्यांचं हसू मावळलं. संध्याकाळपर्यंत वेस पडली होती आणि तुझा लेक बद्रान तिच्याखाली होता.

अमीर परतले आणि सवयीप्रमाणे चादरीवर येऊन उभे राहिले. मी अंगरखा झटकला. धूळ लाल पडली. आपल्या खोऱ्याची माती, लबीब, आपल्या डाळिंबांच्या मुळांशी असते ती. मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिलो. “भर,” ते म्हणाले. मी भरली, पण दुसऱ्या पिशवीत. त्यांनी पाहिलं आणि ते आत निघून गेले. पुढे किती वर्षं गेली, दोन्ही पिशव्या एकाच पेटीत शेजारी शेजारी राहिल्या. पांढरीत नंतर फारशी भर पडली नाही. लढाया होतच राहिल्या, पण त्या रूमकडे तोंड करून नव्हत्या. आज हा भाऊबंद, उद्या तो पुतण्या. त्यांची धूळही मी लाल पिशवीतच भरायचो; ती मात्र फुगत गेली.

या वसंतात त्यांनी अंथरूण धरलं आणि वीट करायला सांगितली. कुंभारानं पांढरी पिशवी हातात तोलून पाहिली आणि मान खाली घातली. एवढ्यात वीट होत नाही म्हणाला. मग काझी बिचारे मायेनंच पुढे झाले. म्हणाले, लालही घ्या, त्याही मोहिमा धर्माच्याच होत्या, मी स्वतः निवाडा दिलाय. अमिरांनी माझ्याकडे पाहिलं. “नुमैर, तू त्या मातीतला. मिसळू?”

मी म्हणालो, “हुजूर, त्या वेशीवरच्या पोरानं आपल्याला काहीतरी विचारलं होतं. त्याचं उत्तर द्या, मग मिसळतो.”

सगळ्यांना वाटलं, आता माझं मुंडकं उडतंय. खिडकीतून तुतीची सावली अमिरांच्या पांघरुणावर हलत होती. ते म्हणाले, “घोडा वाट चुकला नव्हता. मी वळवला होता.” आणि मग, “त्याच्या बापाला सांगशील? तू स्वतः जाऊन सांग. क्षमा माग असं नाही म्हणत. त्याचा हक्क माझ्याकडे देणं राहिलाय, तो ज्याचा त्यानंच सोडायचा असतो; अल्लाहसुद्धा तो परस्पर माफ करत नाही. फक्त सांग.”

पांढऱ्या धुळीची वीट झाली ती अक्रोडाएवढी. कबरेत त्यांचा गाल तिच्यावर टेकत नव्हता, सरकून मातीवर येत होता. मी दोनदा नीट ठेवून पाहिला, मग तसाच राहू दिला.

लबीब, हे पत्र दुरून आलेलं नाही. तुझ्या गावाच्या वेशीबाहेर, वाटसरूंच्या सराईच्या ओट्यावर बसून मी हे लिहितोय. लाल पिशवी मांडीवर आहे. पहारेकरी भला माणूस आहे, त्यानं मला दही-भाकरी दिली, पण आत सोडत नाही. अमिरांच्या वाड्यावरच्या माणसाला गावातल्या कुणी हात धरून नेल्याशिवाय आत घ्यायचं नाही, अशी तुमच्याकडची रीत झालीय म्हणे. बरोबरच आहे. आता या गावात माझा तुझ्याशिवाय कोण आहे? कागद पोचवायचं त्यानं कबूल केलंय. नाही आलास तर मी पिशवी या पहारेकऱ्याच्या हाती देईन आणि अस्रच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, नमाजानंतर निघणाऱ्या काफिल्याबरोबर परत जाईन. तुझ्याबद्दल मनात काही येणार नाही. पण आलास तर लांबून हाक मार, माझं नाव घेऊन. मला आता माणसं नीट दिसत नाहीत, आणि येणारा प्रत्येक जण तूच वाटतोस.

तुझाच,
नुमैर