माशांची सकाळ किती वाजता?

आर्णी, शुक्रवार

चि. कपिलराव जावईबापू यांस,

वामनराव गावंडे यांचे अनेक आशीर्वाद. (जावयाला ‘चिरंजीव’ लिहावं की ‘श्रीयुत’, यावर विमलशी, म्हणजे तुमच्या सासूबाईंशी, अर्धा तास वाद झाला. शेवटी ‘चि.’ माझं आणि ‘जावईबापू’ त्यांचं, अशी वाटणी झाली.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा पावसाळ्यात असतो तसाच आहे. सोयाबीनला शेंगा धरल्या, तूर कमरेएवढी झाली. वैष्णवीची पाठ आणि खुशीचा खोकला कसा आहे ते सविस्तर कळवावं. फोनवर विचारलं की तुम्ही ‘ऑल गुड’ म्हणता. त्यात पाठ येते की खोकला येतो हे आम्हाला समजत नाही, म्हणून हा कागद.

तर मूळ मुद्दा माशांचा. माझ्या सेवानिवृत्तीला तुम्ही काचेची पेटी, सात मासे, खऱ्या वनस्पती आणि वरचा दिवा असं सगळं पुण्याहून गाडीत घालून आणलंत, त्याबद्दल आभार मी तेव्हाच मानले होते. मासे पाहिल्यानं रक्तदाब उतरतो असं तुम्ही म्हणालात. पेटी कुठे ठेवावी यावर आमचे शेजारी भगवानराव यांनी ईशान्य दिशा सुचवली. ईशान्येला न्हाणीघर आहे, म्हणून ती बैठकीत टीव्हीशेजारी ठेवली. जाताना तुम्ही एक सूचना केली होती, ‘बाबा, दिवा रोज आठ तास, ठरल्या वेळी. एक टायमर लावा आणि विसरून जा.’

हे वाक्य मला लागलं, हे आज सांगतो. ज्या माणसानं सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं, बावीस शिक्षकांचे तास एकमेकांवर आदळू दिले नाहीत, त्याला एक दिवा लावायला-विझवायला यंत्र कशाला? मी सकाळी दहाला लावायचो, संध्याकाळी सहाला विझवायचो. तीन आठवडे काटेकोर गेले. मग दारव्ह्याला मामेभावाच्या घरभरणीला गेलो, आग्रहानं दोन दिवस राहिलो आणि दिवा इकडे जळत राहिला. परत आलो तर पेटीत शेवाळ माजून पालकाच्या पातळ भाजीसारखं पाणी. विमल म्हणाली, “मासे दिसूनच नाही राह्यले. हायेत का गेले, ते तरी पाहा.” गाळून पाहिले तेव्हा सहा निघाले. सातवा मी परसात सोनचाफ्याखाली पुरला. (तुम्हाला फोनवर ‘सगळे मजेत’ सांगितलं होतं, ते या एकाला वगळून.) खरं सांगायचं तर त्या दिवशी जेवण गेलं नाही. वर्गात मूल हजेरीला नसलं तर निदान उद्या येईल एवढी आशा असायची.

मग टायमर घ्यायचं ठरवलं, आणि विश्वासाचा टायमर कोणता हे शोधायला मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचले. जावईबापू, हे अभिप्राय लिहिणारे लोक कोण असतात? एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘अजून उघडला नाही, पण डबा छान आहे.’ दुसऱ्यानं एकच तारा दिला होता, कारण माल आणणाऱ्यानं बेल वाजवली नाही. तिसरा म्हणत होता, ‘भावाला भेट दिला, भाऊ खूश.’ दिवा वेळेवर लागतो का, हे एकशे चाळीस अभिप्रायांत कोणीही लिहिलेलं नव्हतं. माझ्या शाळेत एवढ्या उत्तरपत्रिका प्रश्न सोडून लिहिलेल्या आल्या असत्या तर मी अख्खा वर्ग नापास केला असता.

शेवटी देवीलालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. हा देवीलाल राठोड माझा नववी ‘ब’चा विद्यार्थी. भूगोलात त्याला मी दोनदा बाहेर उभं केलं होतं. त्यानं गोल चकतीचा, कडेनं बारीक दात असलेला टायमर दिला. जितके तास दिवा हवा तितके दात खाली दाबायचे. मी दहा ते सहा दाबले आणि निर्धास्त झालो. पण चार दिवसांनी मासे दिवेलागणीला जागे व्हायला लागले. ऐन हरिपाठाच्या वेळी पेटी झगझगीत उजळायची आणि विमलची नजर पोथीवरून माशांवर जायची. मी तक्रार घेऊन गेलो तर देवीलाल शांतपणे म्हणाला, “सर, लाईन जाते का नाही रोज दोन-अडीच तास? लाईन गेली का याची चकती बी थांबते. आली का तेथूनच पुढं फिरते. चार दिवसात दहा तास मागं पडला तो.”

“मग हे आधी काहून नाही सांगितलं?”

“तुमीच म्हनले, मले शिकवू नोको.”

हे मी म्हणालो होतो, हे खरं आहे. ज्यानं तीस वर्षं मुलांना दिवस आणि रात्र कशी होते ते शिकवलं, त्याच्याच बैठकीत रोज अडीच तासांनी पृथ्वी मागे राहत होती.

मग त्यानं आकड्यांचा टायमर दिला. त्याच्या पोटात छोटी बॅटरी असते, वीज गेली तरी तो वेळ विसरत नाही. सोबतचं माहितीपत्रक चिनी भाषेत आणि एका अशा इंग्रजीत होतं की जी इंग्रजांनीही ऐकली नसावी. वार, तास, मिनिटं, सगळं मी स्वतः भरलं. (देवीलाल घरी येऊन लावून देतो म्हणाला होता. मी नाही म्हणालो.) दुसऱ्या दिवसापासून दिवा मनाला येईल तेव्हा लागू आणि विझू लागला. कधी वीस मिनिटं, कधी पाच. रविवारी विमलच्या भिशीच्या बायका बैठकीत बसल्या असताना तो सहा वेळा लागला आणि विझला, तेव्हा नलू काकूंनी हात जोडले आणि चहा न घेता निघाल्या. भगवानरावांनी खिडकीतून पाहून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “कोनाले इशारा करून राह्यले तुमी?” पुढचे तीन दिवस त्यांच्या घरून मिसेस भगवानराव आमच्या अंगणाकडे पडद्याआडून पाहत होत्या.

शेवटी कळलं ते असं, की माझं बोट एका जादा बटणावर पडलं होतं. घर बंद असताना चोराला वाटावं आत माणसं आहेत, म्हणून दिवा अवेळी लावण्याची त्यात सोय असते. म्हणजे चोराला फसवायची सोय चालू होती आणि फसत होती घरातली माणसं.

एवढ्यात तुम्ही पुण्याहून तो तिसरा पाठवलात, मोबाइलवर चालणारा. तुमच्या सांगण्यावरून मी तो भगवानरावांच्या वायफायला जोडला, आणि तुम्ही तिकडून तुमच्या मोबाइलला जोडलात. आठ दिवस उत्तम गेले. मग एका मंगळवारी भर दुपारी चारला दिवा अकरा वेळा लागला, विझला. मी जुन्या बटणाचा धसका घेऊन धावलो, पण यात तसं बटणच नाही. संध्याकाळी वैष्णवीनं सांगितलं की खुशीनं बाबांचा मोबाइल घेऊन ‘आजोबांच्या माशांना टाटा’ केला. नातीचं कौतुक मला आहेच. पण जावईबापू, माझ्या बैठकीतला दिवा कोथरूडमधून विझतो, ही गोष्ट माझ्या मनात बसून राहिली. उद्या पंखा जोडाल, परवा गॅस. मी बसलोय की झोपलोय हेही तिकडे कळेल. मी तो टायमर काढला, डब्यात घातला आणि कपाटात ठेवला. आता पुन्हा हातानंच लावतो. सहाही मासे आहेत आणि पाणी निवळ आहे.

वैष्णवीला आशीर्वाद, खुशीला पापा.

आपला,
वामनराव

ता. क. : पुढच्या महिन्यात येऊन पुण्यात दोन महिने राहा, असं तुम्ही म्हणालात. यायची फार इच्छा आहे. पण वरील हकिकतीवरून आपल्या ध्यानात आलंच असेल की भरवशाचा टायमर बाजारात नाही, आणि मुके जीव टाकून घर सोडणं मला जमणार नाही. तरी यंदा माफी असावी.

ता. क. दुसरा (विमलबाईंच्या हातानं) : कपिलराव, पाकीट चिकटवायला मले दिलं म्हनून वाचलं. यातलं शेवटचं सोडून बाकी खरं आहे. तुमचा टायमर कपाटात गेल्यावर देवीलालनं ते बटन बंद करून आकड्यांचा टायमर नीट करून दिला, त्याले आज बावीस दिवस झाले. एक दिवसही चुकला नाही. हे सकाळी पावणेदहाले घड्याळ घेऊन पेटीपुढं बसतात आणि दिवा लागला की ‘बरोबर’ म्हनतात. पुण्यात यायले यांना भेव वाटते. मागच्या खेपेला लिफ्टमधी कोनीच यांना ‘सर’ म्हटलं नाही, ते मनात आहे. मले वैष्णवीची पाठ पाहायची आहे. पुढच्या गुरुवारच्या ट्रॅव्हल्सचं माझं एक तिकीट काढा. देवीलालची बायको दोन दिवसाआड येऊन माशांना खाऊ टाकीन, बोलनं झालं आहे. यांचं पाहायचं तं भाताचा कुकर किती शिट्ट्यांनी उतरवतात, हे भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

ता. क. तिसरा : वरचा मजकूर वाचला. भाषेच्या चुका सुधारलेल्या नाहीत. तिकिटं दोन काढावीत, माझं खिडकीजवळचं. सोसायटीत मुलांना भूगोल कठीण जातो का, याची चौकशी करून ठेवावी.

वा. गा.